लाल पट्टीची

वाळूजच्या कारखान्यांना लागून असलेल्या रांजणगावात मेडिकलवर जाऊन गोळीचं नाव कुणी सांगत नाही. शिफ्टची बस सुटायला आलेली असते, एका हातात डबा असतो, तेवढ्यात काउंटरवर कोपर टेकवायचं आणि म्हणायचं, "लाल पट्टीची द्या." बास. कशाची ते मागाहून. कंबरेची लाल पट्टी, दाताची लाल पट्टी, तापाची लाल पट्टी. साधी गोळी पुढं केली, तर माणूस तिच्याकडं असं बघतो, जसं काही पाव्हण्याला शिळी भाकर वाढली.

आता ही पट्टी आली कुठून? गोळ्यांच्या पाकिटाच्या मागच्या अंगाला, डाव्या कडेला, एक उभी लाल रेघ असते. ती सरकारनं मारायला लावलेली आहे. थांब बाबा, हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीबिगर द्यायचं नाही आणि घ्यायचंही नाही, एवढाच तिचा अर्थ. शेजारी इंग्रजीत सगळं लिहिलेलंही असतं, मुंगीएवढ्या अक्षरांत. ते कोण वाचतंय? लोकांनी रेघ पाहिली आणि आपल्या परीनं अर्थ लावला, की पट्टी आहे म्हणजे माल जोराचा. धोक्याची खूण होती, तिचा चक्क छाप झाला! हसावं की डोकं आपटून घ्यावं, तुम्हीच सांगा.

बाकीच्यांना हे कुणी शिकवलं कोण जाणे. आवडाबाईला मात्र विशाखानं शिकवलं. आणि विशाखा म्हणजे कुणी अडाणी बाई नव्हे. ती फार्मासिस्ट आहे, रीतसर शिकलेली, सरकारदरबारी नाव नोंदलेली.

विशाखाचे वडील रामकिसन वाळूजच्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होते आणि आई दुसऱ्या कंपनीत साफसफाईला जायची. रांजणगावात पत्र्याची एक खोली, दुपारी आत पाय ठेववत नसे, त्यात दोन धाकटे भाऊ धुडगूस घालत. तरी पोरीनं शिकायचं, यावर घरात कधी चर्चासुद्धा झाली नाही. ते ठरलेलंच होतं. शहरातल्या कॉलेजात तिनं डी.फार्म.ला नाव घातलं, तेव्हा रामकिसननं गेटवरच्या प्रत्येक ट्रक ड्रायव्हरला ते सांगितलं, ओळख असो नसो.

अभ्यासाला जागा मिळाली ती शेजारच्या खानावळीत. ही खानावळ आवडाबाईची. सिल्लोडकडची बाई. नवरा गेल्यावर पोराला, सत्यमला, कडेवर घेऊन ती इकडं आली आणि कंपनीत जाणाऱ्या पोरांसाठी भाकरी थापायला बसली, ती बसलीच. जालन्याची, हिंगोलीची, परभणीची कितीतरी पोरं तिच्या भाकरीवर पहिला पगार होईपर्यंत जगली. तोंडानं फाटकी, पण हात सढळ. दुपारची पंगत उठली, की मागच्या खोलीत शांतता असायची. आवडाबाई तांदूळ निवडत बसायची आणि विशाखा समोर पाटावर बसून मोठ्यानं पाठ करायची.

"काय गं, मंत्र म्हनती का काय?" आवडाबाई विचारायची.

"मंत्र नाही मावशी, कायदा हाय."

"गोळ्यांचाबी कायदा? बाई बाई बाई!"

विशाखालाही सांगायची हौस होती. दुसऱ्याला सांगितलं की आपल्या डोक्यात पक्कं बसतं, असं तिचे सर म्हणायचे. मग ती समजावून सांगायची, की नवं औषध निघालं म्हणून लगेच दुकानात येत नाही. आधी प्रयोगशाळेत, मग उंदरांवर, मग थोड्या माणसांवर, मग आणखी जास्त माणसांवर ते वापरून बघतात. सगळे कागद दिल्लीला जातात, तिथले लोक तपासतात, मग मंजुरी. आणि मंजुरी मिळाली तरी कुणीही उठून कसंही विकायचं, असं नसतं. त्याची वर्गवारी असते. काही औषधं नुसती मागितली तरी द्यायची. काही चिठ्ठी बघून. काही चिठ्ठी बघून, वर वहीत रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव लिहून. आणि काही तर अशी, की ती कुलपातच ठेवायची.

आवडाबाईनं सूप खाली ठेवलं. बाईचं डोकं तल्लख होतं, शाळा नव्हती एवढंच.

"म्हंजी आमच्या खानावळीसारखंच की! पीठ-मीठ उघड्यावर, कुनीबी घ्या. साखर फडताळात. आन तूप माझ्या कुलपात."

"व्हय मावशी! अगदी तस्संच!" विशाखा टाळी वाजवून म्हणाली. परीक्षेत हाच दाखला लिहावा की काय, असंही तिच्या मनात आलं.

"आन वळखायचं कसं, कोनती कुलपातली?"

"ते सोपं हाय. चिठ्ठीवाल्या गोळीच्या पाठीवर लाल पट्टी असती. लाल पट्टी म्हंजी जोरदार औषध..."

तेवढ्यात चुलीवरचं वरण उतू गेलं. आवडाबाई "अगं बया!" करत उठली, पदरानं पातेलं उतरवलं, हात भाजला, शिव्या घातल्या. विशाखा मागून ओरडून सांगत होती, की डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायचं नसतं ते, जिवावर बेततं. ते वरणाच्या वाफेत गेलं. आणि आवडाबाईनं ऐकलं असतं तरी काय फरक पडणार होता? तिच्या घरात कुलूप तुपाला होतं. तूप काही विषारी म्हणून कुणी कुलपात ठेवत नाही. चांगलं असतं, म्हणून ठेवतात. दाखला तिनं दिला, टाळी विशाखानं दिली, आणि दोघींनाही वाटलं की आपलं एकमेकींना कळलं.

पुढं विशाखा पास झाली. नोंदणी झाली, फोटो लावलेलं सर्टिफिकेट आलं. आवडाबाईनं त्या फोटोवरून मीठमोहरी ओवाळली. रांजणगावातल्या तात्यासाहेबांना मेडिकल टाकायचं होतं. तात्यासाहेब म्हणजे जमीन एमआयडीसीत गेलेला आणि आलेल्या पैशाचं काय करावं हे न कळलेला माणूस. फार्मासिस्टशिवाय लायसन मिळत नाही, म्हणून विशाखाचं सर्टिफिकेट त्यांच्या दुकानात भिंतीवर लागलं. विशाखा वर्षभर तिथं बसलीही. मग लग्न झालं. नवऱ्याची, प्रणयची, नोकरी शहरात, घर तिकडंच टीव्ही सेंटर भागात, मग पोर झालं, पोराचं आजारपण. रोज रांजणगावला येणं जमेना.

तात्यासाहेब म्हणाले, "ताई, तुम्ही कशाला येता उन्हातान्हाचं? तुमचा फोटो हाय की भिंतीवर. काकासाहेब सांभाळतो सगळं."

हे असं किती ठिकाणी चालतं, विचारू नका. मालकाला औषधातलं ओ की ठो कळत नाही, काउंटरवरचा माणूस बारावी नापास, आणि फार्मासिस्ट भिंतीवर काचेत. तिघं मिळून एक दुकान. विशाखाला ते खटकत नव्हतं असं नाही. महिन्याच्या महिन्याला खात्यात काहीतरी जमा व्हायचं, तेव्हा जास्तच खटकायचं. पण पोर कडेवर असताना माणूस खटकणाऱ्या गोष्टी उद्यावर टाकतो. तिनं वर्षानुवर्षं टाकल्या.

याच वर्षांत आवडाबाईचे सांधे धरले. सकाळी उठलं की बोटं वळेनात. आता भाकरी थापणारीची बोटं वळली नाहीत, तर तिनं करायचं काय? डॉक्टरकडं जायचं म्हणजे एक वेळची चूल बंद, आणि चूल बंद म्हणजे पोरं उपाशी कामावर. ती कण्हत तात्यासाहेबांच्या मेडिकलवर गेली. काकासाहेब काउंटरवर होता. मनानं वाईट नव्हता तो. उलट कुणाचं दुखणं बघवत नसे त्याला, आणि तेच नडलं.

"काकासाहेब, साधी नको. लाल पट्टीची दे."

त्यानं एक दिली, दुसरी दिली. गुण येईना. मग एकदा त्यानं एक बारीक पांढरी गोळी दिली, तीही लाल पट्टीचीच, आणि चमत्कार झाला. दोन दिवसांत बोटं मोकळी. आवडाबाईला भूक लागायला लागली, अंगात तरतरी आली, गाल वर आले. तिनं साऱ्या गल्लीत त्या गोळीचे गोडवे गायले.

ती गोळी स्टेरॉईडची होती. गोळीला नावं ठेवायचं कारण नाही, तिनं कितीतरी लोकांचे प्राण वाचवलेत. पण ती धरायची तर डॉक्टरच्या हातानं आणि सोडायची तीही डॉक्टरच्याच हातानं, पायरी पायरीनं उतरत. वर्षानुवर्षं घेतलेली गोळी एका फटक्यात बंद केली, तर उभा माणूस खाली कोसळतो. म्हणून तिच्या पाठीवर ती रेघ होती. आवडाबाई ती रोज घेऊ लागली. पाकीट संपलं की मेडिकलवर यायची, गोळी पदरात बांधायची आणि भिंतीवरच्या फोटोकडं बोट दाखवून म्हणायची, "मला काय भ्या? माझी पोरगी वर बसलीय."

मग तपासण्या वाढल्या. सरकारी औषध खात्याचे, एफडीएचे, साहेब अचानक दुकानात येऊन "फार्मासिस्ट कुठाय?" विचारू लागले. फोटो दाखवून भागेना. तात्यासाहेबांचा विशाखाला फोन आला, "ताई, आता तुम्हाला बसावंच लागंल बघा, नायतर लायसनचं कठीण हाय." काकासाहेबाला त्यांनी शेंद्र्याच्या नव्या दुकानात हलवलं. विशाखाचं पोर शाळेत जायला लागलं होतं. ती आली.

आणि आली ती कंबर कसूनच. एवढ्या वर्षांचं साचलेलं मनात होतं ना! पहिल्याच दिवशी तिनं मोठ्या अक्षरांत पाटी लावली, की लाल पट्टीचं औषध चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. लोकांनी पाटी वाचली आणि म्हणाले, "बरं. मग एक लाल पट्टीची द्या."

भांडणं सुरू झाली. "काकासाहेब देत व्हता, तुला काय धाड भरली?" "ताई, डॉक्टरकडं गेलो तर हाजरी बुडती, तुम्ही भरून देनार का?" एकानं तर काउंटरवर डबाच आपटला. तात्यासाहेब मागं येरझाऱ्या घालत पुटपुटायचे, गिऱ्हाईक तुटतंय, गिऱ्हाईक तुटतंय. विशाखा हलली नाही. संध्याकाळी घसा बसायचा, पण मनातून बरं वाटायचं. आपल्या फोटोखाली आपण उभे आहोत, आपल्या हातून चुकीची गोळी जात नाही, याचं समाधान तिला किती वर्षांनी मिळत होतं. त्या समाधानात ती जरा ताठही झाली होती, हे सांगायला हवं. "चिठ्ठी आणा" हे दोन शब्द माणूस पुरता बोलायच्या आत तिच्या तोंडून सुटू लागले.

आवडाबाईकडं ती आल्या आल्या भेटून आली होती. म्हातारीनं दोन्ही हातांनी तिचं तोंड कुरवाळलं.

"मावशी, तब्येत मस्त सुधारली की!" विशाखा म्हणाली. "गाल बघा कसे वर आलेत!"

"मानवतंय मला," आवडाबाई हसली. "तुझ्या दुकानाचीच किरपा."

विशाखाला वाटलं, गंमत करते आहे. म्हातारीच्या हातांवर काळेनिळे डाग होते, ते तव्याचे असतील असं वाटलं. चेहरा चंद्रासारखा गोल होणं, कातडी पातळ होऊन जरा लागलं तरी डाग पडणं, हे सगळं विशाखानं त्याच खानावळीच्या मागच्या खोलीत पाटावर बसून पाठ केलं होतं. पण मायेचं माणूस समोर असलं, की कुणी त्याला पुस्तकासारखं वाचत नाही.

आणि मग तो दिवस आला. दुपारची वेळ, दुसऱ्या शिफ्टची गर्दी. काउंटरवर माणसांवर माणसं. आवडाबाई बाजूनं आत सरकली, पदर सावरत.

"विशाखे, माझी लाल पट्टीची संपली गं."

विशाखानं मान वर केली. मागं रांग होती, आणि रांगेतले सगळे बघत होते की आता ही ओळखीच्या बाईला देते का. आत्ता हिला दिली, तर उद्या पाटी काढूनच टाकावी लागेल.

"मावशी, चिठ्ठी आणा."

"मला गं? मला चिठ्ठी?" आवडाबाईला आधी हसूच आलं. "अगं, तूच तर सांगितलं व्हतं, लाल पट्टी म्हंजी जोराचं औषध! कुलपातलं तूप!"

रांगेतले दोघंतिघं हसले. विशाखाचे कान तापले.

"जोराचं म्हणजे घातक, मावशी. रोज सांगून थकले मी. दुखण्याच्या गोळ्या खाऊन खाऊन किडनी जाती माणसाची, ठाऊक हाय का? नाही द्यायची मी. तुम्हाला तर नाहीच नाही."

ती दुखण्याच्या गोळ्यांबद्दल बोलत होती. सांधे दुखणारी बाई लाल पट्टीची मागते म्हणजे दुसरं काय मागणार? दिवसभरात तिच्याकडं शंभर जण तेच मागत होते. कुठली, कधीपासून, कुणी दिली, असं तिनं विचारलं नाही. विचारायला वेळ लागला नसता. पण एका शब्दानं सगळ्या गोळ्या एकसारख्या करून टाकल्या होत्या, आणि जिला त्यातला फरक कळत होता, तीही आता तोच शब्द वापरत होती.

"बरं बाई," आवडाबाई म्हणाली. रागावली नाही ती. "तू म्हनशील तसं. मग दुसरं काय देती?"

विशाखानं साध्या पॅरासिटामॉलचं पाकीट दिलं. चिठ्ठी न लागणारं. आवडाबाईनं ते उलटं करून बघितलं.

"हिला पट्टी कुठाय?"

"हिला नसती मावशी. ही साधी. पण दुखलं तर घ्या, आणि सोमवारी डॉक्टरकडं जा. जाताय ना?"

"जाते की. तुझ्या हातची हाय, गुण येईलच." आणि रांगेकडं वळून म्हणाली, "बघा रं, लई कडक हाय माझी पोरगी! कायद्याची हाय!"

त्या दिवशी विशाखाला रडू यायचं बाकी होतं, पण ते अभिमानाचं. घरी जाऊन प्रणयला तिनं सांगितलं, की आज मी मावशीलासुद्धा नाही म्हणाले.

सोमवारी आवडाबाई डॉक्टरकडं गेली नाही. सोमवारी खानावळीत दोन नवी पोरं आली होती. तिला नुसतं गळाल्यासारखं वाटत होतं, तोंडाला चव नव्हती, पण ते वयाचं असेल. मग मळमळ, मग उलट्या. सून श्रेया म्हणाली, "आई, पडून राहा." आवडाबाई म्हणाली, "भाकरी काय तुझा बाप थापनार?" कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं पित्त म्हणून सलाईन लावलं. दोन दिवस बरं वाटल्यासारखं झालं. मग ताप आला, आणि पंगत बसलेली असताना, वाढता वाढता, ती भाकरीच्या टोपल्यासकट खाली बसली. पुन्हा उठली नाही.

सत्यम शेंद्र्याला कामावर होता. तो पळत आला आणि आईला घेऊन घाटीत, शहरातल्या सरकारी दवाखान्यात, गेला. श्रेयानं मेडिकलवर फोन केला तेव्हा विशाखा कुणाशी तरी चिठ्ठीवरून वाद घालत होती. तिनं शटर अर्धं ओढलं आणि मिळेल त्या रिक्षात बसली.

वॉर्डात आवडाबाईचे डोळे अर्धे उघडे होते, पण त्या डोळ्यांत कुणी नव्हतं. रक्तदाब लागत नव्हता, साखर खाली गेलेली. तरुण डॉक्टरीणबाई सत्यमला तिसऱ्यांदा विचारत होत्या.

"रोजचं औषध काय चालू होतं?"

"लाल पट्टीची गोळी, मॅडम."

"कुठली लाल पट्टी? सगळ्यालाच लाल पट्टी असते हो! नाव काय गोळीचं?"

सत्यम रडकुंडीला आला. "लाल पट्टीचीच, मॅडम. बारीक. आई तेवढंच म्हनायची."

बारीक, हा शब्द विशाखाच्या कानात शिरला. दुखण्याची गोळी बारीक नसते. तिनं तिथूनच शेंद्र्याला काकासाहेबाला फोन लावला. घाईत आधी दुसऱ्यालाच लागला.

"काका, आवडामावशीला तुम्ही कुठली लाल पट्टी द्यायचा?"

"ती नाय का, बारीक पांढरी. सांध्याची. स्टेरॉईड म्हनत्यात ती." काकासाहेब खुशीतच सांगत होता. "लई मस्त गोळी! म्हातारी टुणटुणीत झाली व्हती. का गं, संपली का तिची?"

विशाखानं डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांना तशी शंका आलेलीच होती, त्यांनी त्याच क्षणी इंजेक्शन चालू करायला लावलं. मग विशाखाला बाजूला घेऊन त्या बोलल्या. आवाजात राग नव्हता, नुसतं काम होतं.

"शरीर हे रसायन स्वतः बनवत असतं. गोळी इतकी वर्षं चालली, की बनवायचं सोडून देतं. वर ताप आला, की ते जास्तच लागतं. तुम्हाला माहीत असेल, तुम्ही फार्मासिस्ट ना?"

"माहीत आहे," विशाखा म्हणाली. तिच्या परीक्षेत हाच प्रश्न आला होता आणि तिनं तो पूर्ण लिहिला होता.

"चालू कुणी केली, ते सोडा आता. एकदम बंद कुणी केली?"

"मी," विशाखा म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्या दुसऱ्या खाटेकडं गेल्या. त्यांना तिथं आणखी कितीतरी माणसं बघायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवडाबाई गेली. इंजेक्शननं रक्तदाब जरा उचलला होता, पण आत सगळं आधीच ढासळलं होतं. खानावळीतली पोरं शिफ्ट बुडवून आली. त्यातल्या कितीकांनी घरच्यांच्या मयतीलासुद्धा सुट्टी काढली नसेल.

विशाखाला कुणी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं! उलट सत्यम तिचे हात धरून म्हणाला, "ताई, तुम्ही पळत आलात, तुमच्यामुळं गोळीचं नाव तरी कळलं." तात्यासाहेब म्हणाले, "वय झालं व्हतं तिचं. आन आपलं सगळं कायद्यात हाय ताई, तुम्ही नका मनाला लावून घेऊ." आणि ते खरंच होतं. चिठ्ठीशिवाय लाल पट्टीचं औषध दिलं नाही, यासाठी कोणता कायदा तिला पकडणार? ती बरोब्बर वागली होती. फक्त ते बरोब्बर वागणं तिनं इतकी वर्षं भिंतीवर टांगून ठेवलं होतं, आणि खाली उतरवलं तेव्हा फार उशीर झालेला होता. हे ती कुणाला सांगणार, आणि सांगून ते कोण समजून घेणार? तेराव्यापर्यंत ती रोज खानावळीत जाऊन बसत राहिली. कुणी चहा दिला की घ्यायची, नाही दिला तर तशीच.

तेराव्याला सगळं आवरल्यावर श्रेयानं आवडाबाईचा स्टीलचा डबा काढला. हा डबा तिच्या कुलपातल्या फडताळातला, तुपाच्या बरणीशेजारचा. त्यात सुपारी होती, किल्ल्या होत्या, आणि एक गोळ्यांचं पाकीट होतं.

"ताई, हे तुम्ही दिलेलं," श्रेया म्हणाली. "रोज नेमानं घेत व्हत्या. उलट्या व्हायच्या तरी घ्यायच्या. म्हनायच्या, इशाखाच्या हातची हाय, गुण यायला टाइम लागतो."

विशाखानं पाकीट हातात घेतलं. तेच साधं पॅरासिटामॉल. थोड्याच गोळ्या उरल्या होत्या. तिनं ते उलटं केलं.

मागच्या बाजूला स्केचपेननं एक लाल रेघ ओढलेली होती.

"हां, ते होय," श्रेयाला एवढ्या दुःखातही हसू आलं आणि मग तिचे डोळे भरले. "आमच्या राजनंदिनीचं दप्तर उघडून पेन घेतला त्यांनी. मी म्हटलं, आई, काय करताय? तर म्हनल्या, पोरगी कायद्याची हाय, ती काय मला पट्टीची देनार नाय. मग मीच मारते पट्टी. आता बघ कशी लागू व्हती!"

विशाखानं रेघेवरून अंगठा फिरवला. रंग कधीच वाळला होता, अंगठ्याला काही लागलं नाही. म्हातारीचा हात थरथरला असावा, रेघ मध्येच दोन ठिकाणी वाकली होती. पण ती डाव्या कडेला होती, वरपासून खालपर्यंत, उभी. छापखान्यात मारतात, अगदी तिथंच.